गादी, सनद आणि दिंडी

भाद्रपद शुद्ध चतुर्थी आली की पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या या कारखानदारीच्या पट्ट्यात एकच नाव दुमदुमू लागते. पहिल्या पाळीचा कामगार घरी परतताना मूर्ती घेऊन येतो, सोसायट्यांच्या आवारात आणि कारखान्यांच्या फाटकाशी मांडव उभे राहतात, आणि गणेशाच्या जयघोषामागोमाग 'मोरया' हा शब्द हजारो कंठांतून उमटतो. हा शब्द म्हणजे चिंचवडच्या मोरया गोसावी यांचे नाव होय, अशी महाराष्ट्राची समजूत आहे. भक्ताचे नाव देवाच्या नावाला असे कायमचे जोडले जावे, हे भाग्य क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल. विशेष हे की हा मान कोणत्या राजाने बहाल केला नाही आणि कोणत्या पंडितसभेने ठरावही केला नाही. लोकांनी तो दिला आणि लोकांनीच तो टिकविला.

धर्माने माणसाला ओळख दिली आणि काहींना अधिकारही दिला, ही गोष्ट सर्वच समाजांच्या इतिहासात दिसते. परंतु तो अधिकार नेमका कोठून येतो, कोणाकडे राहतो आणि कशाने जातो, हा प्रश्न पुस्तकातून समजून घेण्यापेक्षा पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या काठाने चालत गेल्यास अधिक चांगला उलगडतो, असे आम्हांस वाटते. आम्ही आळंदीचे रहिवासी. संस्कृत ग्रंथांचे अध्ययन आणि नारदीय कीर्तन यांत आमचे आयुष्य गेले. चिंचवड, देहू, आळंदी आणि देहूरोड ही चार ठिकाणे एकमेकांपासून अवघ्या काही कोसांवर आहेत. धर्मसत्तेची जी जी रूपे महाराष्ट्राने पाहिली, ती बहुतेक सारी या चार ठिकाणी नांदून गेली आहेत. उत्सवाच्या निमित्ताने त्यांचे स्मरण करावे, एवढाच या लेखाचा हेतू.

'अधिकार' म्हणजे काय?

आज अधिकार म्हटले की आपल्याला हक्क किंवा हुकूम आठवतो. शास्त्रांतील अर्थ निराळा आहे. कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी अशी चार अंगे सांगण्याची पद्धत आहे. येथे 'अधिकारी' म्हणजे हुकूम सोडणारा नव्हे. ज्याच्या अंगी ते ज्ञान घेण्याची पात्रता आहे तो. मीमांसाशास्त्रात जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. यज्ञ करावयाचा अधिकार कोणाला, अशी तेथे चर्चा आहे. त्या चर्चेत बादरी नावाच्या आचार्यांचे मत नोंदलेले आहे, आणि ते मत असे की हा अधिकार सर्वांनाच आहे. पुढे सूत्रकारांनी ते मत खोडून काढले आणि अधिकार तीन वर्णांपुरता ठेवला. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील अपशूद्राधिकरणानेही तोच निर्णय वेदान्ताच्या श्रवणाला लावला.

सामान्य वाचकाला ही चर्चा रुक्ष वाटेल. तथापि तिचा परिणाम रुक्ष नव्हता. 'पात्रता' या शब्दाचा अर्थ 'जन्म' असा ठरला की गावाची रचनाच त्या अर्थावर उभी राहते. कोणी मंत्र म्हणावयाचा, कोणी तो दुरून ऐकावयाचा आणि कोणाच्या कानांवर तो पडूही द्यावयाचा नाही, हे ठरले की विहीर कोणाची, पंगत कोणाची आणि न्यायनिवाड्याची बैठक कोणाची हेही आपोआप ठरते. मात्र सूत्रकारांनी बादरींचे मत खोडले तरी पुसले नाही. पूर्वपक्ष म्हणून का होईना, ते ग्रंथात राहिले. ज्ञानदेव, तुकोबा आणि त्यांच्या मागून आलेल्या संतांनी प्राकृतात जे केले, त्याचे बीज संस्कृताच्या त्या खोडलेल्या ओळीतही होते, हे आम्ही शिष्यांना आवर्जून सांगतो.

चिंचवडची गादी

आता चिंचवडकडे वळू. मोरया गोसावी हे मूळचे मोरगावचे उपासक. थेऊरला त्यांनी तपश्चर्या केली आणि पुढे चिंचवड येथे पवनेच्या काठी वास्तव्य केले, असे परंपरा सांगते. त्यांनी तेथेच संजीवन समाधी घेतली. परंपरेने तिचे वर्ष शके १४८३, म्हणजे इसवी सन १५६१ असे मानले जाते. संशोधकांत मात्र त्यांच्या काळाविषयी एकमत नाही. समाधीवरील मंदिराचे बांधकाम १६५८-५९ मधील आहे.

मोरयांच्या भक्तीची फलश्रुती म्हणून गजाननाने त्यांच्या कुळात सात पिढ्या वास करण्याचे वचन दिले, अशी श्रद्धा रूढ झाली. पुत्र चिंतामणी हे तर प्रत्यक्ष देवच मानले गेले. तुकोबांनी त्यांना 'देव' असे संबोधिले आणि तेव्हापासून घराण्याचे आडनावच देव झाले, अशी कथा आहे. येथे धर्माने घडविलेल्या ओळखीचा एक विलक्षण नमुना दिसतो. एका पिढीत जी भक्ती होती, ती दुसऱ्या पिढीत आडनाव झाली. साधनेने मिळविलेले स्थान रक्ताने मिळू लागले.

ज्या स्थानाला लोक मानतात, त्याकडे राजसत्तेचे लक्ष गेल्यावाचून राहत नाही. आदिलशाहीपासून पेशवाईपर्यंत ज्या ज्या सत्तांचा अंमल या मुलखावर आला, त्यांनी चिंचवडच्या देवांना गावे आणि जमिनी इनाम दिल्या, किंवा आधीच्या सनदा चालू ठेवल्या. औरंगजेबाने देवांची परीक्षा पाहण्यासाठी मांसाचे तबक पाठविले आणि ते उघडताच त्यात फुले निघाली, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. आख्यायिका बाजूला ठेवली तरी मोगल दप्तरातील सनदा उरतातच. सुलतानाला गणपतीशी कर्तव्य नव्हते, हे उघड आहे. परंतु ज्या गोसाव्याच्या शब्दाने चार गावे शांत राहतात त्याला चार गावे देणे हा राज्यकारभाराचा सौदा होता. सनद घेणाऱ्यालाही तिचा लाभ असे, कारण लोकांची श्रद्धा कमीजास्त होते, सनदेवरील शिक्का मात्र पक्का असतो.

या सौद्याचा भार कोणी उचलला, याचाही विचार करावयास हवा. देवस्थानासाठी कोकणातून धान्य वगैरे जिन्नस ठरलेल्या स्वस्त दराने खरेदी करण्याची सवलत देवांना पूर्वीपासून होती. स्वस्त दराची झीज अर्थातच पिकविणाऱ्या कुणब्याला सोसावी लागे. शिवाजी महाराजांनी ही वहिवाट बंद केली आणि देवाची गरज सरकारी कोठारातून भागविण्याची व्यवस्था लावली. महाराजांची गणेशावरील श्रद्धा कमी होती असे कोणी म्हणणार नाही. देवाच्या नैवेद्याचा भार रयतेच्या पाठीवर पडू नये, एवढे त्यांनी पाहिले. धर्माचा मान राखून धर्माच्या नावाने चाललेल्या जाचाला आवर घालणे हा राजाचा धर्म आहे, याचे याहून साधे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

पेशवे स्वतः गणेशभक्त. त्यांच्या काळात चिंचवड, मोरगाव, थेऊर यांचे वैभव वाढले. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरलाच गणेशाच्या सान्निध्यात निवर्तले. चिंचवडच्या देवांची कीर्ती इंग्रजांच्याही कानी गेली. कॅप्टन एडवर्ड मूर हे १८०० साली चिंचवडला आले आणि वंशपरंपरेने चालणाऱ्या या जिवंत देवतेचा वृत्तान्त त्यांनी कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये प्रसिद्ध केला. मारिया ग्रॅहम या प्रवासिनीने १८०९ मध्ये येथे येऊन आपल्या दैनंदिनीत चिंचवडची नोंद केली. आणि त्यानंतर अल्पावधीतच, १८१० साली, सातवे देव निवर्तले. वचनाच्या सात पिढ्या पूर्ण झाल्या.

मग देवस्थान बुडाले काय? मुळीच नाही. नात्यातील एकास गादीवर बसविण्यात आले, इनामे चालू राहिली आणि पूजाअर्चाही चालू राहिली. देवत्व गेले आणि गादी राहिली. श्रद्धेने निर्माण केलेली संस्था श्रद्धेच्या मूळ कारणाविनाही आपल्या बळावर उभी राहू शकते, याचे हे उदाहरण होय. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाचा चिंचवडच्या देव घराण्यावरील ग्रंथ १९८९ साली केंब्रिजहून प्रसिद्ध झाला. घराणे आणि राज्यसंस्था यांचे नाते हाच त्याचा विषय आहे. आज चिंचवड देवस्थान हा सार्वजनिक न्यास आहे. अष्टविनायकांपैकी मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेक येथील व्यवस्था त्याच्याकडे आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने देवस्थानांना हिशेबाच्या वह्या ठेवावयास लाविले. गादीला हिशेब द्यावा लागणे, हे आमच्या मते धर्माच्या इतिहासातील एक मोठे पाऊल आहे. भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी चिंचवडहून मोरगावला जाते. तिच्यामागून चालणारा भाविक सनदा विचारीत नाही. तो मोरया म्हणतो आणि चालू लागतो.

देहूची वीणा

पवनेकडून इंद्रायणीकडे यावे, तो चित्र पालटते. देहूचे तुकोबा हे जातीने कुणबी, व्यवसायाने वाणी. त्यांच्यापाशी गादी नव्हती, आणि सनदेचा प्रश्नच नव्हता. वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी आक्षेप घेतला, तो शास्त्राच्या दृष्टीने अगदी नेमका होता. आक्षेप असा की या माणसाच्या वाणीतून वेदार्थ प्रकट होतो, आणि तो प्रकट करण्याचा अधिकार याला नाही. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या आणि तेरा दिवसांच्या उपोषणानंतर त्या तरल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्या प्रसंगाचे स्वरूप काहीही असो, त्याचा निकाल इतिहासाला माहीत आहे. वह्या बुडविल्या तरी अभंग बुडाले नाहीत, कारण ते लोकांच्या मुखात होते. रामेश्वर भट्टही पुढे तुकोबांचे अनुयायी झाले. शिऊरच्या बहिणाबाई या ब्राह्मण स्त्रीने तुकोबांना गुरू मानले, आणि त्यासाठी घरच्यांचा व मंबाजीसारख्यांचा रोष सोसला. गुरू कोणी व्हावे याचा शास्त्रनिर्णय एका बाजूला आणि एका सोशिक स्त्रीने केलेली निवड दुसऱ्या बाजूला, असा तो सामना होता. आज बहिणाबाईंचे नाव आदराने घेतले जाते. त्यांना रोखू पाहणाऱ्यांची नावे केवळ त्यांच्या चरित्रामुळे टिकली आहेत.

अर्थात देहूलाही पुढे इनाम मिळाले, हे सांगितले पाहिजे. तुकोबांच्या वंशजांना छत्रपतींकडून गावे मिळाली आणि आजही पालखीचा पहिला मुक्काम देहूच्या इनामदारवाड्यात पडतो. ज्या पुरुषाने नजराणा परत पाठविला अशी ख्याती आहे, त्याच्या घराण्याच्या वाड्याचे नाव इनामदारवाडा असावे, यात काळाचा थोडा विनोद आहे. परंतु तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी इनामापेक्षा मोलाची एक गोष्ट केली. परंपरेनुसार १६८५ साली त्यांनी तुकोबांच्या पादुका पालखीत ठेविल्या, आळंदीहून ज्ञानदेवांच्या पादुका घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आरफळकर हैबतबाबांनी ज्ञानदेवांची पालखी स्वतंत्रपणे सुरू केली आणि तिला शिस्त लाविली. अंकलीच्या शितोळे सरदारांचे घोडे, चोपदार, दिंड्यांचा क्रम ही व्यवस्था त्या काळापासूनची.

देहूची पालखी निघाली की जवळच अनगडशहाबाबांच्या दर्ग्यापाशी थांबते आणि तेथे आरती होते. पुढे ती देहूरोडवरून निगडीला येते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. एका बाजूस कारखान्यांच्या भिंती आणि दुसऱ्या बाजूस टाळमृदंग, असे दृश्य आषाढात दरवर्षी दिसते. वारकऱ्यांच्या आचारातील एक साधी गोष्ट आम्हांस सर्व ग्रंथांहून मोठी वाटते. दोन वारकरी भेटले की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. कोण वडील, कोण धाकटा, कोणाची जात कोणती, हा हिशेब तेवढ्या क्षणापुरता तरी मिटतो. कीर्तनकाराच्या पाया पडताना श्रोता नारदाच्या गादीला वंदन करतो, त्या माणसाला नव्हे, हे आम्ही आयुष्यभर अनुभवले आहे. गादीवरून खाली उतरले की आम्हीही इतरांसारखेच एक. हे विसरलेला कीर्तनकार श्रोत्यांच्या लगेच ध्यानी येतो.

आळंदीत १९१७ साली विष्णुबुवा जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. कीर्तन हे कुळाचे धन न राहता शिकण्याची विद्या झाली. शेतकऱ्याचा मुलगा चार वर्षे माधुकरी मागून ज्ञानेश्वरी शिकतो आणि मग त्याच्या शब्दाला गाव मान देते. ज्या आळंदीने संन्याशाची मुले म्हणून चार भावंडांना मुंजीचा अधिकार नाकारला, त्याच आळंदीत हे घडावे, ही ज्ञानदेवांची कृपाच म्हणावी.

पायरीबाहेरचे लोक

येथवर वाचून कोणास वाटेल की संतांनी सर्व काही सोडविले. तसे झाले नाही, आणि ते प्रांजळपणे लिहिणे हे कीर्तनकाराचे कर्तव्य आहे. चोखोबा संतमेळ्यात आले, पण पंढरीत त्यांची समाधी महाद्वाराबाहेरच राहिली. विठ्ठलमंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. चोखोबांनंतर सहाशे वर्षांनी! त्याआधी १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला, परंतु दार उघडले नाही. धर्माची ओळख ज्यांना केवळ बंद दाराच्या रूपाने झाली, त्यांनी त्या दारासमोर किती काळ उभे राहावे?

याचे उत्तर आपल्याच पट्ट्यात मिळाले. तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरील देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरचे धर्मांतर त्यानंतर, १४ ऑक्टोबर १९५६ चे. म्हणजे नव्या वाटेचे एक आरंभस्थान चिंचवड आणि देहू यांच्या मधल्या भूमीवर आहे. दरवर्षी २५ डिसेंबरला तेथे मोठा समुदाय जमतो. आम्ही वैदिक परंपरेत वाढलो, तरीही त्या स्थानासमोरून जाताना मान लवते. ज्या समाजाची ओळख इतरांनी ठरविली होती, त्याने तेथे आपली ओळख आपण ठरविली. अधिकार कोणी दिला नाही तर तो कसा उभा राहतो, हे तेथे दिसते.

कोल्हापुरी याच प्रश्नाने दुसरे रूप घेतले होते. १८९९ च्या सुमारास राजर्षी शाहू महाराजांना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारण्यात आला आणि वाद पेटला. १९२० मध्ये महाराजांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठाच्या गादीवर क्षात्रजगद्गुरूंची स्थापना केली. पंढरपुरात १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले. त्यावरील न्यायालयीन वाद मात्र जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानेच मिटला आणि त्याच वर्षी स्त्रिया व इतर जातींचे पुजारी नेमले गेले. रक्ताने चालत आलेले हक्क असे एकामागून एक गेले. विठोबा मात्र जेथे होता तेथेच आहे, आणि त्याच्या दर्शनाची रांग आखूड झालेली नाही.

कारखान्यांच्या छायेत

आता वर्तमानाकडे येऊ. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, मागोमाग मोटारींचे आणि यंत्रांचे मोठे कारखाने उभे राहिले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही चार गावे मिळून १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. कारखानदारी पुढे चाकणपर्यंत सरकली. कांद्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गाच्या वेढ्यासाठी प्रसिद्ध असलेले चाकण आता मोटारींसाठी ओळखले जाते. फाळणीनंतर सिंधी बांधव पिंपरीत येऊन वसले होतेच. पुढे मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथून आणि केरळ, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून लोक आले. त्यांनी आपापले देव बरोबर आणले. अय्यप्पाची पूजा येथे होते, आणि छठपूजेला मोशीच्या घाटावर इंद्रायणीत दिवे सोडले जातात.

कारखान्यात माणसाची ओळख म्हणजे गळ्यातील कार्ड. ठेकेदार बदलला की कार्डही बदलते. अशा माणसाला देवाचा उत्सव एक टिकाऊ ओळख देतो. अमुक मंडळाचा कार्यकर्ता, अमुक दिंडीचा वारकरी, अमुक घाटावरील व्रतस्थ अशी ती ओळख. या गोष्टीचे मोल शहाण्यांनी कमी लेखू नये. परंतु जेथे ओळख मिळते तेथे तिच्यावर ताबा मिळविणारेही येतात. पूर्वी सनदेवर शिक्का असे, आता मांडवाच्या कमानीवर छायाचित्र असते. आरतीचा मान कोणाला, पहिली पूजा कोणाच्या हस्ते, नाव कोणाचे मोठ्या अक्षरांत, या प्रश्नांत गणपती पुष्कळदा मागे पडतो. नवी इनामदारी ती हीच.

लोकांनी दिलेल्या धर्माधिकाराचे सामर्थ्य या पट्ट्याने अलीकडेही पाहिले आहे. चाकणजवळचा भामचंद्र डोंगर हे तुकोबांच्या साधनेचे स्थान. त्या परिसरात शिंदे-वासुली येथे डाऊ कंपनीचे रसायन संशोधन केंद्र उभारले जात होते. २००८ साली ग्रामस्थ आणि वारकरी त्याविरुद्ध उभे राहिले, आणि बंडातात्या कराडकर त्यांच्या अग्रभागी होते. युनियन कार्बाइड कंपनी डाऊने विकत घेतली असल्याने भोपाळची आठवण लोकांच्या मनात ताजी होती, आणि नद्यांच्या पाण्याची भीती होती. आंदोलनाला जाळपोळीचे गालबोट लागले, ते लागावयास नको होते. अखेर ते केंद्र तेथे झाले नाही. त्या वारकऱ्यांपाशी कोणती सनद होती? साधनेच्या डोंगराचे आणि नदीचे रक्षण करणे हा आपला धर्म आहे, एवढी भावना होती, आणि ती शासनालाही ऐकावी लागली.

असे असूनही आज इंद्रायणीच्या पाण्यावर पांढरा फेस तरंगतो. कार्तिकी एकादशीला वारकरी त्या फेसात उतरतात आणि तेच पाणी तीर्थ म्हणून ओंजळीत घेतात. सांडपाणी कारखान्यांचे आहे तसे वाढत्या वस्तीचेही आहे. ज्या नदीने तुकोबांच्या वह्या राखल्या असे आपण मानतो, तिला राखण्यासाठी आपल्या श्रद्धेचा अधिकार अपुरा पडावा, ही गोष्ट आम्हांस उत्सवाच्या दिवशीही स्वस्थ बसू देत नाही. मूर्तीच्या उंचीवर आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंतींवर होणाऱ्या खर्चाचा एक वाटा नदीसाठी काढावा, असे एखाद्या मंडळाने ठरविले तर त्यास आम्ही मोरयांचे खरे वारस म्हणू.

सुज्ञ वाचकहो, ज्ञानदेवांच्या पालखी सोहळ्यातील एक प्रथा सांगून थांबतो. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीसाठी सर्व दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार चोप उंच करतात आणि एका क्षणात सर्व टाळ थांबतात. परंतु एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती टाळ थांबवीत नाही, वाजवीतच राहते. चोपदार त्या दिंडीकडे जातात, तक्रार ऐकून घेतात, आणि तिचे समाधान झाल्यावर मगच आरती होते. लाखांचा समाज एका दिंडीसाठी ताटकळत उभा राहतो. शिस्तीचा अधिकार चोपदाराचा, पण गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार प्रत्येक दिंडीचा.

यंदा आपल्या मांडवात आरतीची घंटा वाजण्यापूर्वी कोणाचा टाळ अजून वाजतो आहे का, हे कार्यकर्त्यांनी जरा कान देऊन ऐकावे. मांडव झाडणारी बाई असेल, रात्रीच्या पाळीचा हंगामी कामगार असेल, ज्यांच्याकडून वर्गणी घेतली पण ज्यांना कधी आरतीला बोलाविले नाही असे शेजारच्या चाळीतील कोणी असेल. त्यांच्यापाशी जावे, त्यांचे म्हणणे ऐकावे आणि मग तबक त्यांच्याच हाती द्यावे. आरतीला थोडा उशीर झाला तरी मंगलमूर्ती रागावणार नाहीत.